सकाळी न वाजलेला खल

१

कोर्टकाकूंना त्या दिवशी जाग आली तेव्हा ऊन पार पलंगापर्यंत येऊन बसलं होतं. असं गेल्या कित्येक वर्षांत झालं नव्हतं. काकूंच्या घरात गजराचं घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. त्यांच्या बरोबर खाली थाई जेवणाचं एक छोटं हॉटेल होतं. चार टेबलं, एक काउंटर आणि पार्सलची एक खिडकी, एवढाच त्याचा पसारा. तिथल्या स्वयंपाकघरात दादा, म्हणजे हॉटेलचे आचारी, रोज सकाळी दगडी खलात करीचं वाटण कुटत. धप, धप, धप. तो आवाज भिंतीतून वर चढायचा आणि काकूंना गदागदा हलवून उठवायचा. पहिल्या वर्षी काकूंनी तक्रार केली होती, चिडून काठीने जमिनीवर उलट ठोकूनही पाहिलं होतं. पुढे सवय झाली, आणि सवयीचं पुढे काय होतं ते सगळ्यांना ठाऊकच आहे.

आज धपधप नव्हती. त्याऐवजी खालून वहिनीचा चढलेला आवाज येत होता. वहिनी म्हणजे दादांची बायको, हॉटेलची मालकीण. ती कोणावर तरी ओरडत होती.

काकूंनी चष्मा लावला, काठी घेतली आणि त्या जिना उतरल्या. उभी हयात त्यांनी कोर्टात साक्षीदारांच्या जबान्या टिपून घेण्यात घालवली होती. नोकरी सुटली, पण कान सुटले नव्हते. कुठे दोन माणसं तावातावाने बोलायला लागली की काकूंची पावलं आपोआप तिकडे वळत. याला गल्लीतले काही लोक चौकशी म्हणत आणि काही लोक भोचकपणा.

स्वयंपाकघराच्या ओट्यावर, खिडकीपाशी, एक काळपट गोल डाग तेवढा उरला होता. बाजूला बत्ता आडवा पडला होता. खल गायब होता.

"तो खल म्हणजे काय साधं भांडं आहे का, काकू?" वहिनी म्हणाली. तिचे डोळे लाल झाले होते. "ज्या म्हातारीकडे हे तिच्या देशात राहून सगळं शिकले, तिने निघताना स्वतःचा खल यांच्या हातात दिला. सामानात कपडे कमी केले, पण हा आणला. आमचं अख्खं हॉटेल त्या दगडावर उभं आहे!"

"कुलूप फोडलंय का?"

"कुलूप शाबूत आहे. रात्री हे बंद करून येतात, सकाळी हा उघडतो." वहिनीने मागच्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाकडे बोट केलं. "किल्ल्या दोनच. एक आमच्याकडे, एक याच्याकडे. आता सांगा, दगडाला पाय फुटले का?"

दाराशी भिंगरी उभा होता. चाळिशीचा, सडपातळ, पार्सलं पोहोचवणारा. दिवसभर गावभर फिरतो म्हणून भिंगरी. आज मात्र तो जागचा हलत नव्हता.

वहिनीने हात पुढे केला. "किल्ली दे. संध्याकाळी पार्सलची खिडकी उघडायच्या आत खल जागेवर दिसला तर मी काही विचारणार नाही. नाही दिसला तर उद्यापासून येऊ नकोस, आणि मी पोलिसांत जाईन."

भिंगरीने खिशातून किल्ली काढली, तिच्या हातात न देता ओट्यावर ठेवली, बरोबर त्या काळपट गोलाच्या मधोमध.

२

मागच्या बोळात भाज्यांचे रिकामे क्रेट रचलेले होते. भिंगरी त्यातल्या एकावर बसला होता. काकूंनी दुसरा क्रेट उलटा केला आणि त्याही बसल्या.

"तुम्हालाही मीच वाटतो का, काकू?"

"मला अजून काहीच वाटत नाही. सकाळचा चहा नाही झाला."

भिंगरी कसनुसा हसला. मागच्या नोकरीत त्याच्यावर एकदा चोरीचा आळ आला होता. तो खोटा निघाला होता, पण आळ जातो आणि डाग राहतो. सहा ठिकाणी नकार मिळाल्यावर त्याला वहिनीनेच कामावर घेतलं होतं, आणि दुसऱ्याच महिन्यात मागच्या दाराची किल्ली दिली होती. ती किल्ली त्याने बायकोला नेऊन दाखवली होती, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं.

"गाडी कुठाय तुझी?"

"गॅरेजमध्ये. परवापासून सायकलवर पार्सलं नेतोय."

काकूंनी मनातल्या मनात खल उचलून पाहिला. तो भरल्या बादलीपेक्षा जड होता. दादाही तो उचलत नसत, धुवायचा तर जागेवरच धुवत, नाहीतर ओट्यावरून सरकवत सिंकपर्यंत नेत. भिंगरी तो सायकलवर नेणार म्हणजे हवा गेलेल्या टायरने डोंगर चढण्यासारखं होतं. अर्थात माणसं याहून मोठा वेडेपणा करतात. कोर्टात काकूंनी तो टंकून घेतला होता.

"दादा काय म्हणतात?"

"काहीच नाही म्हणाले." भिंगरीने क्रेटची फळी नखाने खरवडली. "वहिनी बोलली त्याचं नाही वाटत एवढं. ती तापते नि निवते. पण दादा मला ओळखतात हो! गेले काही महिने तर माझ्याशिवाय घास उतरत नाही त्यांच्या गळ्याखाली. वाटण झालं की पहिलं बोट मला चाटायला लावतात. 'वास बघ रे, कसा येतोय? गवती चहा पुढे येतोय का आलं?' असं विचारतात. मी आपलं सांगतो. एवढी माया, आणि आज मान वर करून बघितलं नाही माझ्याकडे."

काकूंनी हे ऐकून घेतलं आणि बाजूला ठेवलं. माया अशी अचानक का उतू जाते, हा प्रश्न त्यांना तेव्हा पडायला हवा होता. पण पोटात चहा नव्हता.

"बत्ता तिथेच आहे, बघितलंस?" त्या म्हणाल्या.

"हो. त्याचं काय?"

"जो खल विकायला नेईल किंवा वापरायला नेईल, तो बत्ताही नेईल. कढई चोरून उलथणं कोण मागे ठेवतं?"

"मग खल नेला कशासाठी?"

काकू उठल्या.  त्या आत जायला वळल्या तेवढ्यात कोठीच्या खोलीतून कोणीतरी घाईघाईने खोक्यावर पोतं टाकल्याचा आवाज झाला.

३

कोठीत दादांचा धाकटा भाऊ होता. वहिनी त्याला भावजी म्हणे, म्हणून सगळी गल्लीही भावजीच म्हणे. हॉटेलचा माल आणणं त्याच्याकडे होतं. कडक इस्त्रीचा शर्ट आणि डोक्यात सतत दुसऱ्या शाखेचे बेत, असा त्याचा अवतार असे.

"पोत्याखाली काय आहे?" काकूंनी विचारलं.

"कांदे."

"कांद्यांना थंडी वाजते का?"

भावजीने सुस्कारा सोडला आणि पोतं ओढलं. खाली चकचकीत डब्यांचं खोकं होतं. डब्यांवर हिरव्या करीचं चित्र होतं. आतलं तयार वाटण नुसतं नारळाच्या दुधात कालवायचं आणि उकळायचं. मागून वहिनी आली होती. तिने डबे पाहिले आणि तिच्या कपाळाची शीर उठली.

"असं आहे होय! खल गेल्याचं मला आज सकाळी कळलं, आणि तयार वाटण आधीच घरात हजर! भावजी, तुम्हीसुद्धा?"

"वहिनी, देवाशपथ, मी खलाला हात लावलेला नाही!"

"चार वर्षं तुमचं एकच टुमणं. हाताने कुटत बसलो तर दुसरी शाखा कशी निघणार, डबे आणू, डबे आणू. आणि हे म्हणायचे, माझ्या हयातीत या घरात डबा फुटणार नाही."

"म्हणायचे, खरंय. पण दादानेच परवा सांगितलं, एक खोकं आणून बघ म्हणून!" भावजी रडकुंडीला आला होता. "मलाच नवल वाटलं. वर म्हणाला, एवढ्यात वहिनीला बोलू नकोस. म्हणून पोतं टाकलं. संशयच घ्यायचा तर काकूंनाही कुटण्याचा आवाज नको होता. काठी ठोकायच्या त्या!"

"ठोकायचे," काकू शांतपणे म्हणाल्या. "ज्याला आवाज नको असेल त्याला बत्ता नेऊनही भागेल. तो हलका आहे. मीसुद्धा नेऊ शकले असते."

एवढ्यात वहिनीने पदर नाकाला लावला. भावजीनेही तोंड वाकडं केलं. सिंकखाली ठेवलेला माशाच्या सॉसचा मोठा डबा कुठेतरी चिरला होता आणि काळपट धार लादीवरून वाहत होती. ज्याला त्या सॉसचा वास माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि ज्याला माहीत आहे त्याला सांगायला नको. करीत तो थेंबभर पडला की झकास लागतो, पण नुसता सांडला तर माणूस घर सोडतो. बोळातून भिंगरीही "काय सांडलं?" म्हणत डोकावला.

दादा सिंकपाशीच उभे होते. पाठमोरे, संथपणे कांद्याची पात चिरत होते. धार त्यांच्या चपलेला लागली होती.

"अहो, पायाखाली बघा!" वहिनी म्हणाली.

दादांनी खाली पाहिलं. "अरेच्चा," म्हणाले आणि फडकं घेऊन पुसायला बसले.

मुरलेला माणूस, नाक मेलेलं असणार, असं काकूंच्या मनात आलं. मग त्यांना वाटलं, वहिनीही तेवढीच वर्षं या स्वयंपाकघरात आहे. तिचं नाक तर चांगलं जिवंत आहे.

४

दुपारी सगळ्यांचं जेवण तिथेच व्हायचं. आज कोणाला भूक नव्हती, पण चूल पेटवायची सवय काही सुटत नाही. वहिनी भातासाठी मापटं घेऊन पिंपाकडे निघाली. तांदळाचं ते मोठं पिंप ओट्याला लागूनच, खिडकीखाली होतं.

"राहू दे, मी काढतो," दादा म्हणाले आणि त्यांनी तिच्या हातून मापटं घेतलं. झाकण थोडंसं सरकवलं, आत हात घातला, भरलेलं मापटं बाहेर काढलं आणि झाकण पुन्हा लावलं.

"आज बरी आठवण झाली बायकोची," वहिनी कोरड्या आवाजात म्हणाली. मग काकूंकडे वळून, "तांदूळ उद्या येणार. आदल्या दिवशी पिंपाचा तळ लागतो, मग मला कमरेत वाकून, डोकं आत घालून तांदूळ काढावा लागतो. एकदा तर पाय वर आणि डोकं खाली झालं होतं. भिंगरीनेच ओढून काढलं मला."

भिंगरीचं नाव तिच्या तोंडून निघालं आणि तिने विनाकारण ओटा पुसायला घेतला. मग हळूच म्हणाली, "मला काय हौस आहे का, काकू? पण किल्ली त्याच्याकडे. मी दुसऱ्या कोणावर संशय घेऊ? स्वतःच्या नवऱ्यावर?"

 काकू दादांकडे पाहत होत्या. सकाळपासून वहिनीने फडताळं उपसली होती, भावजीने कोठी पालथी घातली होती, भिंगरीने बोळातले सगळे क्रेट उचलून पाहिले होते. ज्याची वस्तू हरवली तो माणूस मात्र एकदाही शोधायला उठला नव्हता.

"दादा," त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, कोणी नेला असेल?"

"गेला तो गेला." दादांनी तांदूळ धुवायला घेतला. "दगडच तो. आता डब्यातल्या वाटणाने भागवू."

"आणि भिंगरी?"

दादांचा पाण्यातला हात थांबला. "तो... त्याचं काहीतरी बघू," ते म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली गेला की पुढचं पाण्याच्या आवाजात बुडालं.

जबानी टिपताना काकूंना एक गोष्ट कळली होती. खोटं बोलणारा विचारलेल्यापेक्षा जास्त सांगतो, आणि ज्याला खोटं बोलता येत नाही तो विचारलेल्यापेक्षा कमी सांगतो. दादांना खोटं बोलता येत नव्हतं. हे काकूंना तिथे उभ्या उभ्या स्वच्छ दिसलं.

५

काकू वर गेल्या आणि खिडकीत बसल्या. खाली बोळात भिंगरी सायकलची साखळी पुसत होता, पुसून झालेली पुन्हा पुसत होता.

हरवलेल्या वस्तूच्या बाबतीत सगळे एकच विचारतात, ती कोणाला हवी होती? दिवसभर सगळ्यांनी तेच विचारलं होतं. काकूंनी प्रश्न उलटा केला. खल कोणाला नको होता? शेजारणीला, म्हणजे खुद्द काकूंना? त्यांना आता त्याशिवाय जाग येत नव्हती. भावजीला? त्याला डबे मिळालेच होते, तेही न मागता. मग चार वर्षं डब्याला शिव्या घालणाऱ्या माणसाला परवा एकदम डबे का हवेसे झाले?

डब्यातलं वाटण रोज सारखंच लागतं. त्यात चुकायला जागा नाही. हाताने कुटलेलं वाटण मात्र कधी थांबवायचं हे दादा घड्याळावर ठरवत नसत, मापावरही नाही. त्यांच्या गुरूबाईने तसं शिकवलंच नव्हतं. कुटत राहायचं, आणि गवती चहा, आलं, लसूण, लिंबाची पानं यांचे वेगवेगळे वास संपून एकच वास वर आला की थांबायचं. वहिनीने ही गोष्ट गिऱ्हाइकांना हजारदा सांगितली होती.

काकूंना मग आवाज आठवला. पूर्वी धपधप एका दमात व्हायची आणि थांबायची. गेले काही महिने ती थांबे, पुन्हा सुरू होई, पुन्हा थांबे. वय झालं दादांचं, असं काकूंनी अंथरुणात पडल्या पडल्या ठरवून टाकलं होतं. करीही कधी निखारा असे, तर कधी नुसतीच गवताची. तेही वयावर ढकललं होतं. आपल्यालाही लोक असंच करत असतील, असं वाटून त्यांना जरा लाज वाटली.

राहिला प्रश्न, खल गेला कुठे? ज्याच्यात खल उचलून दूर नेण्याची ताकद नाही, तो माणूस काय करेल? सरकवेल. ओट्यावरून सरकवत कडेपर्यंत आणेल, आणि कडेला लागून जे असेल त्यात उतरवेल. उद्या तांदूळ येणार, म्हणजे पिंपाचा तळ लागलेला असायला हवा, तरी दादांचा हात पिंपात कोपरापर्यंतसुद्धा गेला नव्हता. बाहीला तांदळाची पावडर लागली नव्हती.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. सारी मंडळी गावभर दगड शोधत होती आणि त्याच्याच अंगावरचा तांदूळ काढून जेवली होती.

सावल्या लांबल्या होत्या. थोड्याच वेळात पार्सलची खिडकी उघडायची वेळ होणार होती. काकूंनी काठी घेतली. पिंपाचं झाकण उघडून दाखवणं सोपं होतं, पण त्याने एक माणूस सुटला असता आणि दुसरा सगळ्यांसमोर उघडा पडला असता. शिवाय आपला तर्क चुकला असेल तर? खात्री करायला हवी होती, आणि ती कशी करायची हे त्यांना जिन्यावर सुचलं.

६

स्वयंपाकघरात दादा एकटेच होते. काकू दारात थबकल्या. "दादा, गॅसचा वास येतोय का हो?"

दादा दचकले. झटकन शेगडीकडे धावले आणि एकेक बटण पिळून पाहू लागले. मग खाली वाकून सिलिंडरचं तोंड, नळी, सगळं हाताने चाचपलं. "हो, हो," ते धापा टाकत म्हणाले, "येतोय खरा थोडासा. बरं झालं सांगितलंत."

"वास नाहीये, दादा," काकू म्हणाल्या. "गॅसचा वास म्हटलं की माणूस आधी हुंगतो आणि मग धावतो. तुम्ही हुंगलंच नाहीत."

दादा शेगडीला टेकले. चेहरा असा झाला की काकूंना आपल्या हुशारीचा राग आला.

"कधीपासून?"

"थंडीत ताप आला होता ना, तेव्हापासून. ताप गेला, सर्दी गेली. वाटलं, वासही येईल दोन दिवसांत." दादांनी हाताच्या उलट्या बाजूने डोळे पुसले. "नाही आला. डॉक्टर म्हणतात येईलही, नाहीही. काकू, मी लिंबाचं पान चुरगाळतो आणि हातात नुसतं पान असतं. बायकोने या हॉटेलसाठी चांगली नोकरी सोडली. तिला काय सांगू, तुझ्या स्वयंपाक्याला कांदा आणि साबण यातला फरक कळत नाही? रोज खलापुढे उभं राहायचं आणि अंदाजाने थांबायचं. भिंगरीला विचारून विचारून दिवस ढकलले. वाटलं, खलच गेला तर डबे वापरता येतील, कोणाला काही सांगावं लागणार नाही. फेकवला नाही. गुरूबाईचा आहे तो."

"आणि भिंगरीवर आळ आला."

"ती किल्लीचा विचार करेल हे डोक्यातच नव्हतं माझ्या. सकाळी तिने त्याच्याकडे बोट केलं तेव्हा तोंड उघडलं होतं मी. उघडलं आणि... मिटलं." दादांनी खाली मान घातली. "दर तासाला वाटत होतं, आता सांगू. जेवढा उशीर झाला तेवढं अवघड होत गेलं."

"तुमचं नाक गेलं त्यात तुमची चूक नाही," काकू म्हणाल्या. "त्याची किल्ली गेली ती मात्र तुमच्यामुळे. आता मी बोलू की तुम्ही बोलता?"

बाहेर वहिनीचा आवाज आला. ती पार्सलच्या खिडकीचं शटर अर्धं वर करून थांबली होती आणि भिंगरीला म्हणत होती, "काय मग? वेळ झाली."

दादा काउंटरपर्यंत गेले नाहीत. त्यांनी तिथूनच, कधी नव्हे एवढ्या मोठ्याने हाक मारली. "अगं! आत ये. भिंगरी, तूही ये. भावजीलाही बोलाव." मग त्यांनी पिंपाचं झाकण पूर्ण काढलं, दोन्ही बाह्या वर केल्या आणि सगळ्यांसमोर तांदूळ उपसायला सुरुवात केली. पांढऱ्या तांदळातून खलाचा काळा काठ वर आला.

कोणी काही विचारायच्या आत त्यांनी सगळं सांगितलं. वेडंवाकडं, पुढचं मागे आणि मागचं पुढे, पण सगळं. वहिनी ऐकत राहिली. शेवटी ती पुढे गेली आणि तिने दादांच्या छातीवर दोन्ही मुठींनी मारलं.

"इतके महिने! माझ्या शेजारी झोपून! मी काय गिऱ्हाईक होते का, मला चांगलंच वाढायला?" मग ती रडू लागली. दादांनी तांदळाने माखलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला.

ते झाल्यावर तिला भिंगरी दिसला. तिने खणातून किल्ली काढली आणि दोन्ही हातांत धरून त्याच्यापुढे केली. "चुकले मी. तुला ओळखत असून चुकले."

भिंगरीने किल्लीकडे पाहिलं. "वहिनी, मागच्या मालकाने पण माफी मागितली होती," तो म्हणाला. "तेव्हा मी लगेच हो म्हटलं होतं. आज नाही म्हणवत." तो दादांकडे वळला. "तुम्ही तर मला दिवसभर बघत होतात."

"बघत होतो," दादा म्हणाले.

वहिनीने किल्ली ओट्यावर ठेवली. भिंगरीने सायकल घेतली आणि तो निघून गेला. थोड्या वेळाने भावजीने पाहिलं, तर ओट्यावर किल्ली नव्हती. भिंगरीने नेली की वहिनीने पुन्हा खणात ठेवली, हे त्या गडबडीत बाकी कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या संध्याकाळी पार्सलची खिडकी उघडली नाही. भावजीने त्यावर पाटी लावली, आज बंद, आणि डब्यांचं खोकं स्वतःहून परत नेलं.

७

दुसऱ्या दिवशी काकूंना उजाडायच्या आतच जाग आली. त्या पडून राहिल्या आणि ऐकू लागल्या. खाली सामसूम होती. चोर सापडला, पण चोरीला गेलेलं सगळं परत मिळतंच असं नाही, हे काकूंना कोर्टाने शिकवलं होतं. भाजीवाल्याची गाडी येऊन थांबली. त्याने दोनदा घंटी वाजवली. कोणी दार उघडलं नाही.

मग बोळात सायकलच्या साखळीचा आवाज झाला. साखळीला तेल चांगलं लागलेलं होतं. कुलपात किल्ली फिरली. क्रेट आत ओढले गेले. बऱ्याच वेळाने समोरचं दार उघडलं आणि दादा-वहिनीची पावलं आली. कोण काय बोललं ते वर ऐकू आलं नाही, आणि काकूंनी त्या दिवशी पहिल्यांदाच कान दिला नाही.

धप. धप. धप.

बत्ता सावकाश, घाबरत घाबरत पडत होता. मग त्याला लय सापडली. पलंगाच्या पायांतून ती काकूंच्या पाठीत आली. मध्येच आवाज थांबला.

"अजून नाही," खालून भिंगरी म्हणाला. त्याचा आवाज सरळ होता, त्यात लाड नव्हता. "आलं वेगळं येतंय."

पुन्हा धपधप सुरू झाली. काकूंनी डोळे मिटले. इतकी वर्षं ऐकून त्यांना एक गोष्ट नकळत कळायला लागली होती. वाटण होत आलं की दगडाचा कोरडा आवाज मऊ पडतो. तो आता मऊ पडत होता. खिडकीतून हळूहळू वासही वर यायला लागला. आधी लसूण, मग गवती चहा, मग लिंबाची पानं, आणि मग यातलं काहीच वेगळं येईना.

काकूंनी उशाशी ठेवलेली काठी उचलली आणि जमिनीवर एकदाच ठोकली.

त्याच क्षणी खालून भिंगरीचा आवाज आला, "झालं, दादा. थांबा."